पाचव्या भेटीचं बिल

मामा केस कापतात, दाढी करतात आणि ऐकतात. यातल्या पहिल्या दोन कामांचे दर दुकानाच्या भिंतीवर रंगवून ठेवले आहेत. तिसऱ्याचा दर नाही, कारण तेही एक काम आहे हे मामांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

मानेभोवती कापड गुंडाळलं की माणसाला काय होतं कोण जाणे, पण तो बोलायला लागतो. कुणाचा साहेब छळतो, कुणाचा मुलगा फोन करत नाही, कुणी बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आरशात बघत सांगून टाकतो. मामा कात्री चालवत 'हं' म्हणतात. त्यांच्या 'हं'मध्येही प्रकार आहेत. एक 'हं' म्हणजे 'मग पुढे?', एक म्हणजे 'वाईट झालं', आणि एक लांबवलेला म्हणजे 'मान जरा खाली घ्या'. गिऱ्हाइकांना सगळे प्रकार ओळखू येतात. मामी मात्र म्हणतात, "मला बघायला आले तेव्हा यांना विचारलं, मुलगी पसंत आहे का, तर हं म्हणाले. तो हं कुठला होता ते मला अजून कळलेलं नाही."

दुकानात बोललेलं दुकानाबाहेर कधी गेलं नाही. मामा स्वतःचं काही कुणाला सांगत नसत, आणि खरं सांगायचं तर त्यांना कुणी विचारतही नसे. ऐकणाऱ्या माणसालाही काही सांगायचं असेल, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

मागच्या वर्षी मामांच्या छातीत कळ आली ती दाढी करताना. खुर्चीत पोस्टमन आजोबा होते. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी दुकानात पेपर वाचायला येतात आणि आठवड्यातून दोनदा दाढी करून घेतात. वस्तरा त्यांच्या गळ्याजवळ होता. मामांनी आधी वस्तरा उचलला, मिटला, फळीवर ठेवला आणि मग जमिनीवर बसले. एका गालावर साबणाचा फेस तसाच घेऊन पोस्टमन आजोबांनी रस्त्यावर धाव घेतली, मिळेल ती गाडी थांबवली आणि मामांना दवाखान्यात पोचवलं. मामांच्या हृदयातली तुंबलेली नळी उघडली गेली. जीव वाचला.

त्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणजे दाराबाहेरच्या पाटीवर ज्यांचं नाव सगळ्यांच्या वर, ते. ठेंगणे, जाड भिंगाचा चष्मा, डोळे कायम झोप न झाल्यासारखे. रोजची तपासणी तरुण डॉक्टर करत. पण एक दिवस मोठे डॉक्टर स्वतः खाटेशी येऊन उभे राहिले. "काय मामा, कसं वाटतंय?"

"हं," मामा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला ते जरा टेकले. तिसऱ्या खेपेला त्यांनी दुकानाबद्दल विचारलं, चौथ्या खेपेला मामांच्या वडिलांबद्दल. आणि पाचव्या खेपेला, संध्याकाळी, ते एकटेच आले. बरोबर नर्स नाही, कागद नाही. स्टूल ओढून बसले, चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग म्हणाले, "दुपारी एक पेशंट गेला. तुमच्याच वयाचा. त्याच्या मुलाला आत्ता सांगून आलो."

"हं," मामा म्हणाले. तो 'हं' कुठला होता ते दोघांनाही कळलं.

डॉक्टर अजून थोडं बोलले. आणि मग काय झालं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा मामा बोलले. म्हणाले, "डॉक्टर, मला माझ्या हाताची भीती वाटते. कळ आली तेव्हा वस्तरा त्यांच्या गळ्यावर होता. पुन्हा आली आणि या वेळी उचलला नाही गेला, तर?"

ही गोष्ट त्यांनी मामींनाही सांगितली नव्हती. डॉक्टर हसले नाहीत, की 'काही होत नाही हो' असंही म्हणाले नाहीत. विचार करून म्हणाले, "घरी गेल्यावर पहिली दाढी स्वतःची करा. आरशासमोर, सावकाश. मग त्या पोस्टमनची उरलेली अर्धी करा."

मामांनी तसंच केलं. हात थरथरला नाही. त्यानंतर वर्षभर दुकानात एक नवल घडत होतं. मामा एक पूर्ण वाक्य बोलू लागले होते. "एवढा मोठा माणूस, पण माझ्याशी येऊन बसायचा." ते इतक्यांदा म्हणून झालं की 'एवढा मोठा' एवढं मामांनी म्हटलं की पुढचं पोस्टमन आजोबा पेपरातून डोकं न काढता पुरं करत.

आणि वर्ष उलटून गेल्यावर बिल आलं.

दवाखान्यातून सुटताना मामी आणि मुलीने सगळे पैसे मोजून भरले होते. काउंटरवरच्या माणसाने 'काही बाकी नाही' म्हणत पावतीवर शिक्का मारला होता. त्यामुळे पाकीट हातात आलं तेव्हा मामांना वाटलं, तपासणीची आठवण करून देणारं पत्र असेल. तपासणी पुढच्याच आठवड्यात होती. त्यांनी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ते उघडलं. कागदावर ओळीने लिहिलं होतं, 'विशेष तज्ज्ञ भेट'. एकाखाली एक पाच वेळा. प्रत्येकीपुढे तारीख आणि रक्कम. बेरीज दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याच्या घरात जात होती. खाली, रक्कम लवकरात लवकर न भरल्यास पुढील कारवाई केली जाईल, असं ठळक अक्षरात छापलं होतं.

मामांनी कागद घडी करून खिशात घातला. खुर्चीतलं गिऱ्हाईक मेव्हण्याशी झालेल्या भांडणाबद्दल सांगत होतं. मामा एकदाही 'हं' म्हणाले नाहीत. गिऱ्हाईक बिचारं मधेच थांबलं आणि म्हणालं, "मामा, माझं काही चुकलं का?"

संध्याकाळी घरात बैठक बसली. मुलगी, जावई, आपली ओळख सगळीकडे आहे असा ज्यांचा दावा असतो ते मामींचे धाकटे भाऊ, आणि बोलावलं नसताना आलेले पोस्टमन आजोबा. बिल हातोहात फिरलं.

"हा सरळ सरळ दरोडा आहे," मामींचे भाऊ म्हणाले. "बिनशस्त्राचा. भाऊजी, तुम्ही फक्त हो म्हणा, माझी वरपर्यंत ओळख आहे."

"गेल्या वेळी तुमच्या ओळखीने गॅस यायचा होता," पोस्टमन आजोबा त्यांना म्हणाले. "तो अजून वाटेत आहे."

"पण बोलावलं कोणी होतं याला?" मुलगी चिडून म्हणाली. "रोजचे डॉक्टर येत होते की. न बोलावता यायचं आणि वर पैसे लावायचे?"

यावर मामी पदराशी चाळा करायला लागल्या. मामींनी पदराशी चाळा केला की घरात सगळे थांबतात.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "नर्सताईंना म्हटलं, मोठ्या डॉक्टरांनी एकदा नजर घातली असती तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, हो, सांगते. पैसे लागतील असं एका शब्दाने बोलल्या नाहीत."

मुलगी आईकडे बघत राहिली. "आई, मीपण सांगितलं होतं. तुला कळलं तर तू म्हणशील, उगाच कशाला त्रास देतेस, म्हणून बोलले नाही."

"मग मी फोन केला होता तो..." मामींचे भाऊ अडखळले. वर्षभर ते सगळ्यांना सांगत होते की मोठे डॉक्टर आपल्या शब्दावर आले. "म्हणजे माझ्याही फोनवर आलेच असणार ना!"

"आले, आणि बिलावरही आले," जावई म्हणाला.

सगळ्यांच्या माना पोस्टमन आजोबांकडे वळल्या. ते चष्मा पुसू लागले. "आता माझ्याकडे काय बघताय? पहिल्याच दिवशी तिथे उभा होतो मी, अर्धी दाढी घेऊन. मनुष्य घाबरल्यावर मोठ्यालाच बोलवतो. मीही नर्सताईंना सांगून आलो, आणि मलाही म्हणाल्या, हो, सांगते."

कुणालाच हसू आवरलं नाही. एका माणसाच्या मायेपोटी चौघांनी आपापल्या परीने एकच काम केलं होतं, आणि चारही वेळा 'हो, सांगते' म्हणून ते निमूटपणे लिहून ठेवलं गेलं होतं. फक्त जावई हसत नव्हता. तो बोटं मोजत होता.

"चार झाल्या," तो म्हणाला. "पाचवी कोणाची?"

त्याने आधी स्वतःचे दोन्ही हात वर करून दाखवले. मामींनी भावाकडे पाहिलं, भावाने पोस्टमनकडे, पोस्टमनने मुलीकडे. पाचव्यांदा कोणीच बोलावलं नव्हतं.

मामा उठून आतल्या खोलीत गेले.

"मी तपासणीला जाणार नाही," दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं.

"अहो, गोळ्या संपत आल्यात. त्या बदलायच्या की तशाच ठेवायच्या ते बघायचंय ना?" मामी म्हणाल्या.

"दुसरा डॉक्टर बघेल."

"दुसऱ्याला तुमच्या छातीतलं काय ठाऊक?"

"याला तरी काय ठाऊक होतं?" मामांचा आवाज चढला. इतकी वर्षं संसार केला, पण तो चढलेला मामींनी ऐकला नव्हता. "मी त्याला माझं मन उघडून दाखवलं. तुला नाही सांगितलं ते सांगितलं. आणि तो बाहेर जाऊन रेघ मारत होता. एक. दोन. तीन."

मामी कणीक मळता मळता थांबल्या. "असं समजा की ते औषधच होतं. लागू पडलं ना? पुन्हा दुकानात उभे राहिलात ना? औषधाचे पैसे पडतातच."

"मग औषध देतोय म्हणून सांगायचं! मला वाटलं, माणूस बसलाय."

मामी पुन्हा मळू लागल्या, आणि कणीक चांगली मऊ झाल्यावर म्हणाल्या, "पैसे देऊ नका हवं तर. पण वर्षभर सगळ्या रस्त्याला सांगत सुटला होतात, एवढा मोठा माणूस आणि फलाणं आणि बिस्ताणं. आता त्याला न विचारता खोटा ठरवताय. विचारून तरी या. आणि जाल तेव्हा छाती पण दाखवून या, ती काही तुमच्या एकट्याची नाही."

तपासणीच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मामी सोबत होत्याच. तपासणीचे पैसे मामांनी आत शिरल्याबरोबर भरले, पावती घेतली आणि मग खिशातून दुसरा कागद काढून काउंटरवर ठेवला.

काउंटरमागची मुलगी तरुण होती आणि सकाळपासून बरीच बोलणी खाल्ल्यासारखी दिसत होती. "काका, हे सिस्टिममध्ये आहे. भरावं लागेल."

"वर्षभर कुठे होतं?"

"सिस्टिम बदलली. जुन्या नोंदी आत्ता चढल्या."

"जाताना शिक्का मारून दिलात, काही बाकी नाही म्हणून."

"तो तेव्हाच्या सिस्टिमचा."

"बाई, शिक्का तुमचा, सिस्टिम तुमची, झोप तुमची. आणि जाग आली की पैसे माझे?" मामा म्हणाले. "माझ्या दुकानातून केस कापून गेलेल्या माणसाला मी वर्षाने रस्त्यात गाठलं आणि म्हटलं, त्या दिवशी तुमची गाऱ्हाणी ऐकली त्याचे राहिलेत, तर तो मला वेड्यात काढेल. काढेल की नाही?"

"काका, भेटी झाल्या की नाही?"

"झाल्या."

"मग?"

त्या 'मग'ला मामांकडे उत्तर होतं, पण ते या मुलीला देण्यात अर्थ नव्हता. मागे रांग लागली होती. तिने आवाज खाली आणून सांगितलं, "डॉक्टरांनी सही केली तर मी काढू शकते. मला एकटीला काढता येत नाही, खरंच."

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत मामा मामींच्या पुढे शिरले. डॉक्टर अजून थोडे ठेंगणे झाल्यासारखे वाटत होते. त्यांनी मान वर केली आणि ओळखीचं हसले. "काय मामा, कसं वाटतंय?"

मामा उभेच राहिले. "याचे पैसे पडतात का?"

"कशाचे?"

"आत्ता विचारलंत त्याचे. पडत असतील तर आधी सांगा. म्हणजे उत्तर द्यायचं की नाही ते ठरवतो."

डॉक्टरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आता ते तिथे कशाला आहे हे त्यांना कळेना. मामांनी बिल टेबलावर सरकवलं. डॉक्टरांनी ते वाचलं, उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं.

"बिलं मी बघत नाही हो."

"तुमच्या नावाने येतात."

मामींनी खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या, कारण आता वेळ लागणार हे त्यांना दिसलं.

"पहिल्या चार वेळा आमच्या माणसांनी बोलावलं होतं," मामा म्हणाले. "पैसे पडतात हे कुणी सांगितलं नाही, ते तुमच्या लोकांचं चुकलं. सांगितलं असतं तर चौघांनी मिळून एकदाच बोलावलं असतं. पण बोलावलं हे खरं. मी विचारायला आलोय ते पाचव्याचं. त्या दिवशी तुम्हाला कोणी पाठवलं होतं?"

डॉक्टरांनी तारीख पाहिली. मग चष्मा काढला आणि डोळे चोळले. तेवढ्यावरून मामांना कळलं की त्यांना आठवलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी तो पेशंट... मला घरी जावंसं वाटेना. कुठेतरी बसायचं होतं. तुम्ही काही विचारणार नाही, हे मला माहीत होतं."

"हं."

"मी वॉर्डमध्ये शिरलो की लिहिलं जातं. कशाला शिरलो ते तिथे कोणी विचारत नाही."

"तुम्ही तरी विचारायचं," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मामींना तो चढल्यापेक्षा जड वाटला. "मी वर्षभर लोकांना सांगत होतो, हा माणूस माझ्याशी येऊन बसायचा. दुकानात हसं झालं माझं, ते जाऊ दे. पण मला स्वतःलाच वाटायला लागलं की मी मूर्ख. चांगलं वागलेल्या माणसाला चांगलं म्हटलं, तर मूर्ख ठरलो. हे कुणाच्या खात्यावर घालायचं?"

डॉक्टरांनी घाईने पेन उचललं. "मामा, मी सगळंच बिल माफ करायला सांगतो. आत्ताच."

"माफ?" मामा खरोखर भडकले ते आता. "माफ गुन्हा करतात! मी काय गुन्हा केलाय? माझ्या माणसांनी बोलावलं त्या चार भेटींचे मी देणार. दोन हप्त्यांत देईन, पण देणार. पाचवी खोडा. ती तुमची माझी होती. तिला कागदावर यायचं कारणच नाही."

डॉक्टरांनी पाचवी ओळ खोडली. बाजूला सही केली. मग त्यांनी मामांना आडवं केलं, छातीला नळी लावली, श्वास घ्यायला आणि सोडायला लावला, पाय दाबून पाहिले, रिपोर्ट पाहिले. एक गोळी बंद केली, एक अर्धी केली. मामी सगळं नीट ऐकून घेत होत्या.

दारापर्यंत सोडायला ते स्वतः उठले. "दुकानात येईन म्हणतो एकदा. चालेल?"

मामांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "या. दाढीचे पैसे घेईन. दर भिंतीवर लिहिलाय." आणि थोडं थांबून, अजून राग असलेल्या आवाजात, "बसायला वाटेल तेवढं बसा."

काउंटरवर मुलीने सही पाहिली, ओळ काढून टाकली आणि मामांकडे जरा आदरानेच पाहिलं. पण मामांचा राग उतरला नव्हता. मामी म्हणाल्या, "झालं ना आता तुमच्या मनासारखं? चला."

"काय झालं? माझ्यापुरतं झालं," मामा म्हणाले.

बाहेर जायचा रस्ता वॉर्डच्या दारावरून जात होता. तिथे नर्सच्या टेबलाशी एक बाई उभी होती. केस विस्कटलेले, हातात औषधांची पिशवी. ती हळू आवाजात म्हणत होती, "ताई, बाबांना एकदा मोठ्या डॉक्टरांनी बघितलं असतं तर..."

"हो, सांगते," नर्स म्हणाली आणि वहीकडे हात नेला.

मामा थांबले. मामींनी त्यांची बाही धरली. कारण इतक्या वर्षांत अनोळखी माणसाशी आपणहून बोलताना त्यांनी नवऱ्याला पाहिलं नव्हतं, आणि आता काय होणार ते त्यांना दिसत होतं.

"बाई," मामा त्या बाईला म्हणाले, "बोलवा. जरूर बोलवा, माणूस चांगला आहे. पण आधी विचारा, किती पडतील. आणि घरातल्या बाकीच्यांनाही विचारून घ्या, कुणी आधीच सांगून ठेवलंय का."

बाई गोंधळून नर्सकडे वळली. नर्स मामांकडे रोखून बघू लागली. मामांनी नजर हटवली नाही. आरशात बघून केस पसंत आहेत का हे गिऱ्हाईक सांगेपर्यंत जसे शांत उभे राहायचे, तसे ते उभे राहिले.

"किती पडतात हो?" बाईने विचारलं.

नर्सने शेवटी आकडा सांगितला.

"हं," मामा म्हणाले, आणि मामींबरोबर जिना उतरू लागले.